न झाडलेल्या गोळीचे गुण

अटारी कंपनीने १९८३ साली ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटावर नाणं टाकून खेळायचं एक यंत्र बाजारात आणलं. त्यात एक नियम आहे, त्याचं मला अजून नवल वाटतं. खेळाच्या शेवटच्या टप्प्यात आपण ‘डेथ स्टार’ नावाच्या राक्षसी गोलावरच्या लांबलचक खंदकातून विमान पळवत असतो. दोन्ही भिंतींवरच्या तोफा आगीचे गोळे फेकत असतात. गोळी झाडायची बटणं आपल्या बोटांखालीच असतात. अशा वेळी जो वाटेतल्या एकाही तोफेवर गोळी झाडत नाही, नुसता अंग चोरत, चुकवत टोकाशी पोहोचतो आणि फक्त शेवटच्या झरोक्यावर नेम धरतो, त्याला यंत्र ‘फोर्स’, म्हणजे चित्रपटातली ती अदृश्य शक्ती, वापरल्याचं वेगळं बक्षीस देतं. पहिल्या फेरीत पाच हजार गुण, पुढे वाढत जाणारे. अख्खं यंत्र नेमबाजीचं, आणि त्यातली ही शाबासकी हात आवरल्याबद्दल.

मी हा खेळ पहिल्यांदा खेळले ते पन्नाशीच्या उंबऱ्यावर, बंगळुरातल्या मारतहळ्ळीत. तोही मूळ यंत्रावर नव्हे. माझा भाचा इथे मुन्नेकोळालच्या एका पीजीत राहतो. दिवसभर बँकांची सॉफ्टवेअरं तपासतो आणि शनिवार-रविवारी एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हरवतो. त्याने प्लायवूडचं एक कपाट केलं, आत रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक बसवला, वर पडदा, खाली स्वतः जुळवलेलं दोन मुठींचं हँडल. जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारं ‘मेम’ नावाचं सॉफ्टवेअर १९९७ पासून फुकट मिळतं, ते त्यात घातलं. पीजीच्या खोलीत तीन खाटांमध्ये हे कपाट उभं राहणं शक्य नव्हतं. ‘मावशी, थोडे दिवस तुझ्याकडे ठेवू?’ असं विचारून तो ते घेऊन आला. ते अजून आमच्या हॉलमध्येच आहे, त्याच्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो.

माझ्या वयाचे पुरुष व्हिडिओ गेम पार्लरबद्दल गहिवरून बोलतात. मला ते जमत नाही. सांगलीत एस. टी. स्टँडच्या बाजूला पार्लर निघालं तेव्हा मी शाळेत होते. दाराला जाड काळा पडदा. मुलींनी आत जायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, सांगावं लागतच नव्हतं. दादा आत जायचा आणि मी बाहेर त्याची सायकल धरून उभी राहायचे. कुणी आत-बाहेर केलं की पडदा हलायचा, आतला निळा-हिरवा उजेड दिसायचा, टुंई-टुंई आवाज यायचा आणि पुन्हा पडदा मिटायचा. दादा बाहेर आला की कुठल्या खेळात कुठवर पोहोचला ते घरी जाईपर्यंत सांगत राहायचा. त्याला सगळं आठवायचं. खिशातले किती गेले तेवढं आठवायचं नाही.

त्या काळ्या पडद्यामागे काय चालतं याबद्दल सरकारलाही तेवढाच संशय होता. मुंबईत करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचे १९६० सालचे पोलिसांचे नियम आहेत. सिनेमा सोडून बाकी सगळी सार्वजनिक करमणूक त्यात येते, आणि नियमांच्या नावातच ‘मेळे आणि तमाशे’ असे शब्द आहेत. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत जन्मलेलं यंत्र आपल्याकडे आलं आणि फडाच्या शेजारी जाऊन बसलं. मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. दोन्हीकडे उजेड, आवाज आणि घरी न सांगता आलेली माणसं होतीच.

बंगळुरात तर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शहरातल्या करमणुकीच्या जागांसाठी १९८९ साली परवान्याचा हुकूम निघाला आणि पार्लरवाले कोर्टात गेले. आमचा खेळ कौशल्याचा आहे, जुगार नाही, मग परवाना कशाला, असा त्यांचा मुद्दा. ‘एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्याचा निकाल १९९५ साली लागला आणि तो पार्लरवाल्यांच्या विरोधात गेला. या खेळांत नशिबाचा भाग असतो, शिवाय यंत्रात फेरफार करून खेळणाऱ्याचं कौशल्य निकामी करता येतं, तेव्हा सरकारला नियंत्रण ठेवता येईल, असं न्यायालयाने म्हटलं. ती बहुतेक पैसे लावायची यंत्रं होती, ‘स्टार वॉर्स’च्या जातीची नव्हेत. पण फेरफाराचा मुद्दा इथेही लागू पडतो. या यंत्राच्या पोटात मालकासाठी बारीक स्विच असतात. खेळणाऱ्याला सुरुवातीला सहा ढाली द्यायच्या की सात, आठ, नऊ. खेळ सोपा ठेवायचा, मध्यम, कठीण की अति कठीण, हे मालक ठरवतो. सांगलीच्या पार्लरमध्ये दादा ज्याला आपलं कौशल्य समजत होता त्यातलं किती त्याचं आणि किती मागच्या पत्र्याच्या झाकणाआडच्या स्विचचं, हे आता कोण सांगणार? मी हा प्रश्न त्याला फोनवर विचारला तेव्हा तो खरोखर दुखावला.

या यंत्राचं रूपडं आजच्या मुलांना आधी समजत नाही. कॉलेजातून सुट्टीला आलेली माझी लेक पहिल्यांदा म्हणाली, ‘हे अजून लोड होतंय का?’ कारण पडद्यावर फक्त रेषा असतात. काळ्याशार आकाशात रंगीत रेषांची विमानं, रेषांचे मनोरे, रेषांचा खंदक. भरलेला पृष्ठभाग कुठेच नाही. घरातल्या जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली असा ओळीओळीने सगळा पडदा सारवत जातो, चित्र असो वा नसो. या यंत्राचा पडदा तसा चालत नाही. त्यात झोत थेट एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जातो, रेषा ओढतो, विझतो, पुढच्या बिंदूवर उडी मारतो. जिथे रेषा नाही तिथे झोत जातच नाही, म्हणून तिथला काळा खरा काळा. आणि जिथे रेषा आहे तिथे ती अशी तळपते की पडद्याच्या काचेवर निखाऱ्याने ओढल्यासारखी वाटते. भाच्याच्या कपाटात ही धग येत नाही. नकली पडदा ठिपक्यांचा आहे, त्यावर तिरपी रेषा जवळून पाहिली तर पायऱ्या दिसतात. भाचा त्याबद्दल सारखी माफी मागत असतो, जणू मी मूळ यंत्र पाहिलेलं आहे.

या रेषांमागे गंमतीची वंशावळ आहे. १९७७ च्या चित्रपटात हल्ल्यापूर्वी वैमानिकांना खंदकाचा नकाशा दाखवतात. तो थोड्या सेकंदांचा रेषाचित्रपट लॅरी क्यूबा नावाच्या कलावंताने शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात संगणकावर केला होता. त्या काळात त्याला महिने लागले. म्हणजे चित्रपटाच्या आत एक नकाशा होता आणि सहा वर्षांनी आलेला खेळ त्या नकाशासारखा दिसतो. प्रेक्षकाने पाहिलेली पोलादी युद्धनौका खेळात नाही, वैमानिकाला दाखवलेला आराखडा आहे. मला हे अप्रामाणिकपणाचं वाटत नाही, उलट जास्त खरं वाटतं. लढणाऱ्याला लढाई बहुधा अशीच, नकाशासारखी, दिसत असणार.

आणि मूळ चित्रपटातली लढाई तरी कुठून आली? जॉर्ज ल्यूकसने विशेष दृश्यं तयार होईपर्यंत त्यांच्या जागी दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांचे तुकडे जोडले होते आणि त्यांच्या चालीवर आपली अंतराळयानं उडवली. खंदकातला हल्ला १९५५ च्या ‘द डॅम बस्टर्स’ या ब्रिटिश युद्धपटाच्या धरणावरच्या हल्ल्याची आठवण करून देतो. दूरच्या आकाशगंगेतली ही सगळी धावपळ खरं तर युरोपच्या आकाशातली आहे. त्याच युद्धात जर्मनीचं ‘फॉके-वुल्फ १९०’ हे लढाऊ विमान घडवणारा कुर्ट टांक पुढे बंगळुरात आला आणि त्याने हिंदुस्तान एअरक्राफ्टसाठी ‘मारुत’ हे विमान रचलं. १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. हवं होतं तेवढ्या ताकदीचं इंजिन त्याला कधीच मिळालं नाही, तरी १९७१ च्या युद्धात ते लढलं. मारतहळ्ळी हे नाव मराठ्यांवरून पडलं की या मारुतवरून, यावर इथले लोक हौसेने वाद घालतात. विमान १९६१ चं आणि गाव त्याहून कितीतरी जुनं, त्यामुळे मी त्या वादात पडत नाही. मात्र इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत पहिलं मत नेहमी बहुमताने पास होतं.

विमानांशी माझं तसं जुनं नातं आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. मी शिकले सांगलीच्या वालचंद कॉलेजात. ज्या वालचंद हिराचंदांचं नाव त्या कॉलेजला आहे त्यांनीच, सोलापूरच्या त्या कारखानदाराने, म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. तीच पुढे हिंदुस्तान एअरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल झाली. कॉलेजच्या चार वर्षांत ही गोष्ट मला कुणी सांगितल्याचं स्मरत नाही. आता रोज सकाळी ऑफिसला जाताना तिच्या कुंपणाच्या बाजूने कॅब रांगत असते, तेव्हा विचार करायला भरपूर वेळ मिळतो. २००८ च्या मे महिन्यात देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि इथल्या धावपट्टीवरची प्रवासी विमानं गेली. पण चाचण्या चालूच असतात. पुलाखालच्या कोंडीत सगळे हॉर्न वाजवत असतात आणि अचानक डोक्यावरून तेजस लढाऊ विमान गडगडत जातं, तेव्हा क्षणभर सगळे हॉर्न हास्यास्पद होतात.

एचएएलचं संग्रहालय जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरच आहे. तिथे मारुत उभं आहे आणि मुलांना बसायला सिम्युलेटरही आहे. त्या सिम्युलेटरमध्ये बसलेल्या पोरांची तोंडं मी पाहिली आहेत. खेळ आणि तालीम यांत त्यांना काही फरक वाटत नाही. अटारीलाही तो फार वाटत नव्हता. ‘स्टार वॉर्स’च्या यंत्राचं ते दोन मुठींचं हँडल, ज्याची नक्कल भाच्याने केली, ते मुळात खेळासाठी घडलेलं नाही. अटारीचा ‘बॅटलझोन’ हा रणगाड्यांचा खेळ १९८० साली गाजला आणि अमेरिकी सैन्याला वाटलं, याच्यावर ब्रॅडली नावाच्या चिलखती गाडीचे तोफची शिकवता येतील. ‘बॅटलझोन’चा कर्ता एड रॉटबर्ग याला सैन्याचं काम नको होतं. यापुढे असलं काम पुन्हा करायला लावणार नाही, असा शब्द घेऊन तो तयार झाला. त्या तालीमयंत्राचे अवघे दोन नमुने तयार झाले. सैन्याने ते पुढे वापरलं नाही. पण ब्रॅडलीच्या तोफचीच्या मुठींवर बेतलेलं ते हँडल शिल्लक राहिलं, आणि ‘स्टार वॉर्स’च्या यंत्राला ते नेमकं बसलं. यातली खोच अशी की ‘स्टार वॉर्स’ची सुरुवात रॉटबर्ग आणि जेड मार्गोलिन यांनी ‘वॉर्प स्पीड’ नावाच्या वेगळ्याच अंतराळखेळाने केली होती. रॉटबर्ग मध्येच अटारी सोडून गेला, चित्रपटाचे हक्क मिळाले, माइक हॅली प्रकल्पप्रमुख झाला आणि खेळाला नवं नाव मिळालं. सैन्यापासून दूर राहू पाहणाऱ्या माणसाच्या खेळात शेवटी सैन्याची मूठ आली.

न झाडलेल्या गोळीला गुण द्यायची कल्पना अशा यंत्रात यावी, याचं म्हणूनच मला जास्त अप्रूप वाटतं. अर्थात फार भाबडेपणाही नको. या संयमाचं मोल शेवटी गुणांतच आहे आणि पुढच्या फेऱ्यांत तो हिशेबाने परवडतो म्हणून पट्टीचे खेळाडू तो पाळतात. रॉबर्ट म्रुझेक नावाच्या अमेरिकी खेळाडूने १९८४ साली सलग ४९ तास खेळून तीस कोटींवर गुण मिळवले. इतका वेळ जागा राहिलेला माणूस आतला आवाज ऐकत असेल असं वाटत नाही. बोटं ऐकत असतील. त्याच सुमारास अटारी तोट्यात बुडाली होती. ‘ई.टी.’ चित्रपटावर तिने घाईघाईत काढलेल्या घरगुती खेळाची न विकलेली काडतुसं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात कचऱ्यात पुरली आणि २०१४ साली लोकांनी ती उकरून काढली. ‘स्टार वॉर्स’च्या यंत्रावर तशी पाळी आली नाही. हौशी लोक अजून त्याचे पडदे दुरुस्त करत बसतात.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे काका एचएएलमधून निवृत्त झाले. आधी नाशिकजवळ ओझरला मिगच्या कारखान्यात होते, मग बदलीने इथे आले ते इथलेच झाले. काकूंना अजून नाशिकची द्राक्षं आठवतात, काकांना फक्त उपकरणं. एकदा साखर मागायला आले आणि कपाटापुढे थबकले. भाचा खंदकात होता. काका बराच वेळ त्याच्या खांद्यावरून बघत राहिले.

‘अगं, हे तर एचयूडी आहे,’ ते मला म्हणाले.

एचयूडी म्हणजे वैमानिकाच्या डोळ्यांसमोरची तिरपी काच. तिच्यावर वेग, उंची, क्षितिज, नेमाचं वर्तुळ सगळं हिरव्या रेषांत तरंगतं, म्हणजे मान खाली घालून घड्याळं बघावी लागत नाहीत. काकांनी मग साखर विसरून शिकवणीच घेतली. भर उन्हात ढगांच्या पांढऱ्यावर रेषा दिसायची तर ती प्रखर हवी. ओळीओळीने सारवणाऱ्या पडद्याला ती प्रखरता जमत नाही. म्हणून विमानांत झोताने थेट रेषा ओढायची पद्धत चालली. तेजसचं एचयूडी चंडीगडच्या सीएसआयओ या संस्थेत घडलं. ‘यांनी आमच्याकडून घेतलं की आम्ही यांच्याकडून?’ काकांनी विचारलं. भाच्याने सांगितलं, दोघांनीही सैन्याकडून. काकांना हे उत्तर आवडलं.

खंदकातल्या त्या नियमाबद्दल मात्र त्यांचं मत प्रतिकूल पडलं. चित्रपटातला नायक शेवटच्या क्षणी आपला नेमाचा संगणक बंद करतो आणि मनाचा कौल मानून दोन मीटरच्या झरोक्यात मारा करतो, हे भाच्याने त्यांना समजावलं. काका उडालेच. ‘बंद करतो? चालू असलेलं उपकरण? ऐन मोक्यावर?’ त्यांच्या चेहऱ्यावर सिनेमाबद्दलची नापसंती नव्हती, एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याचा अपघात-अहवाल वाचतानाची होती.

मला तोवर हे खटकलंच नव्हतं. संगणकावर विसंबू नकोस, फोर्स वापर, असं सांगणारा तो म्हाताऱ्या गुरूचा आवाज या यंत्रातून येतो. अॅलेक गिनेसचा तो आवाज टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका बोलक्या चिपमधून घरघरत बाहेर पडतो. मोटोरोलाचे ६८०९ जातीचे प्रोसेसर, आकडेमोडीसाठी वेगळी जुळणी, आवाजासाठी चार चिप, असा सगळा लवाजमा राबतो तेव्हा कुठे संगणकावर विश्वास ठेवू नकोस हा उपदेश आपल्या कानावर पडतो. १९७७ च्या प्रेक्षकाला त्यात दिलासा वाटला असेल. संगणक तेव्हा दुसऱ्या कुणाचे तरी होते, मोठ्या कंपन्यांचे, सैन्याचे. ज्या वस्तीत प्रत्येक पीजीच्या प्रत्येक खाटेवर एक लॅपटॉप उघडा आहे आणि प्रत्येक लॅपटॉपवर कुणाचं तरी पोट आहे, तिथे तो उपदेश वेगळा वाजतो.

आणि या वस्तीत त्याच्या अगदी उलट वागणारी माणसंही राहतात. रिंग रोडला दोड्डनेक्कुंदीच्या बाजूला इस्रोची उपग्रह जोडायची आणि तपासायची संस्था आहे, आयसाइट. मंगळयान २०१३ साली इथूनच रस्त्याने श्रीहरिकोट्याला गेलं. ज्या रस्त्यावर मी रोज अर्धा तास एकाच सिग्नलला उभी असते त्याच्या आसपास चंद्रावर जायच्या गोष्टी तयार होतात, आणि बाहेरच्या टपरीवाल्याला त्याचं काही वाटत नाही.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे सगळा देश एक रेषाचित्र बघत जागा होता. चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरने कुठल्या वाटेने उतरायचं ती वाट वक्ररेषेत आखलेली, आणि तिच्यावरून सरकणारा प्रत्यक्षाचा ठिपका. ठिपका रेषेवर होता तोवर टाळ्या होत्या. मग तो रेषेवरून ढळला. चंद्रापासून २.१ किलोमीटरवर संपर्क तुटल्याचं सांगण्यात आलं. त्या रात्रीइतकी माणसं एका रेषेकडे टक लावून कधी बसली असतील असं मला वाटत नाही. काय चुकलं ते २०२३ साली इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी मोकळेपणाने सांगितलं. इंजिनांचा रेटा अपेक्षेहून थोडा जास्त पडला, त्या चुका साठत गेल्या, त्या भरून काढायला यानाला वेगाने वळायचं होतं पण त्याच्या वळण्यावर मर्यादा घातलेली होती. शिवाय उतरायची जागा ५०० मीटर लांब-रुंद, एवढीच ठरलेली. त्या चौकोनात पोहोचायचंच म्हणून यान जमीन जवळ आली तरी वेग वाढवत राहिलं.

चांद्रयान-३ ला इस्रोने दुसरं काय दिलं? जास्त इंधन दिलं, भक्कम पाय दिले, आणि उतरायला चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटरच्या आसपास मैदान दिलं. सिनेमावाल्यांनी लक्ष्य दोन मीटरचं केलं म्हणून गोष्ट झाली. इथे लक्ष्य मोठं केलं म्हणून काम झालं. यशाची ही रीत पडद्यावर फार कंटाळवाणी दिसेल, पण मला ती आता जास्त रोमांचक वाटते. कदाचित मी इंजिनिअर आहे म्हणून, कदाचित वय झालं म्हणून.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी काका-काकू आमच्याकडेच होते. पावणेसहाच्या सुमारास स्वयंचलित उतरणीचा क्रम सुरू झाला. त्यानंतर जमिनीवरून कुणी हाकायचं नसतं. यान स्वतः उंची मोजणार, स्वतः वेग मारणार, खड्डे-दगड टाळून स्वतः जागा निवडणार. बंगळुरातल्या पीण्या भागातल्या नियंत्रणकक्षात इतके शास्त्रज्ञ बसलेले, सगळ्यांसमोर पडदे, आणि काम एकच: हात आवरून बघत राहायचं. काकांनी रिमोट टीपॉयवर दूर सरकवला आणि बजावलं, ‘आता कुणी कशाला हात लावायचा नाही.’ लेक हसली. काकूंनी खरोखरच हातातला मोबाइल खाली ठेवला. ठिपका रेषेवरून सरकत राहिला. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरलं.

खंदकातल्या नायकाने हात आवरला तो संगणक बंद करून. इथे सगळ्यांनी हात आवरले ते संगणक चालू ठेवून. त्या संगणकात काय घातलंय, कुठे चुकू शकतं, चुकलं तर काय, याचा चार वर्षं खल केल्यावर. फोर्स म्हणतात तो हाच असेल तर त्याला चहाचे खूप कप लागतात.

लेकीला खंदकातलं ते बक्षीस चांगलं जमतं. तिचं म्हणणं, बोट बटणावर ठेवायचंच नाही, मुठीला नुसतं धरायचं. भाच्याला जमतं पण तो गुणांकडे बघतो आणि आदळतो. काकांना खेळायचं होतं, पण पहिल्या फेरीतच त्यांच्या सहाच्या सहा ढाली उडायच्या. मग त्यांना कुणीतरी त्या स्विचचं सांगितलं. सुरुवातीला नऊ ढाली मिळू शकतात हे कळल्यावर त्यांनी भाच्याला बोलावून मेनू उघडायला लावला.

‘आजोबा, हे चीटिंग आहे,’ लेक म्हणाली.

‘चीटिंग कसलं? याला मार्जिन म्हणतात. तेजसच्या उड्डाण-नियंत्रणाला एक वाहिनी पुरली असती. आपण चार दिल्या. का दिल्या?’

तिने उत्तर दिलं नाही, कारण काका आधीच खुर्चीवर बसले होते आणि त्यांनी चष्मा सारखा केला होता. नऊ ढालींवर ते खंदकापर्यंत पोहोचले. तिथे दिसेल त्या तोफेवर, मग आगीच्या प्रत्येक गोळ्यावर, मग नुसत्या भिंतीवरसुद्धा त्यांनी गोळ्या झाडल्या. झरोका आला, नेम लागला, डेथ स्टार फुटला, आणि पाच हजारांचं बक्षीस अर्थातच मिळालं नाही.

‘पाच हजारांसाठी कोण जीव धोक्यात घालतो!’ काका म्हणाले आणि त्यांनी लगेच दुसरी फेरी सुरू केली.